अक्रोडाला टांगलेला चेंडू

चेंडू वर गेला तसा नेव्यानाचा हात आपोआप रालीच्या टाळूवर गेला. मांडीवरची पोर बिस्किटाचा ओला तुकडा मुठीत चेपत बसली होती. डोक्यावर तळवा आला तशी तिने मान झटकली. खाली मैदानात तिचा नवरा यासेन दोन पावलं मागे सरकला, उडाला, आणि त्याने कपाळाने चेंडू जिकडून आला होता तिकडे परत धाडला. स्टँडमधून टाळ्या पडल्या. खाली येताना त्याने दोन्ही हात गवतावर टेकले आणि काहीतरी सांडलेलं शोधत असल्यासारखा तो क्षणभर तसाच राहिला. मग उठला.

"डोळे मिटले त्यानं," शेजारी बसलेले स्पास म्हणाले.

"काय, बाबा?"

"हेडर मारताना डोळे मिटले." सासरे सूर्यफुलाच्या बिया फोडत होते, टरफलं त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून आपोआप बाहेर पडत. "एवढासा होता तेव्हापासून सांगतोय, चेंडू कपाळाला लागेपर्यंत त्याच्याकडे बघायचं. आजवर कधी मिटले नाहीत."

"ऊन आलं असेल डोळ्यांवर."

"ऊन त्याच्या पाठीला आहे, पोरी."

नेव्यानाने हात खाली घेतला आणि रालीच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

"टोपी घाल तिला. डोंगरावरून वारा सुटलाय."

"मे महिना आहे, बाबा."

"मे असो नाहीतर ऑगस्ट. डोक्याला वारा लागला की लागला."

मागच्या बाकावरून गान्चो न्हाव्याने पुढे वाकून तोंड घातलं. गावातली निम्मी डोकी त्याच्या हाताखालून जात, त्यामुळे कुणाच्याही बोलण्यात शिरायचा परवाना आपल्याला आहे असं तो मानायचा. "स्पासकाका, छोट्या कॅप्टनला कसली टोपी घालताय? त्या दिवशी बघितलं ना सगळ्यांनी! वीस वर्षांनी आपण हिलाच बघायला येणार इथं."

"तू येशील. मी कुठला," स्पास म्हणाले, पण खूश झाले.

त्या दिवशी म्हणजे मागच्या रविवारी. रालीने पहिली पावलं टाकली म्हणून नेव्यानाने गोल पाव भाजला होता आणि गल्लीतल्या सगळ्यांना अंगणात बोलावलं होतं. पोराच्या पुढे पाव घरंगळत सोडायचा, आणि पलीकडे बुटक्या टेबलावर वस्तू मांडायच्या. पोर चालत जाऊन जे उचलेल ते त्याचं पुढचं आयुष्य, असं मानायची रीत. नेव्यानाने कात्री मांडली, पुस्तक मांडलं, लाकडी डाव, रंगाचा ब्रश मांडला. चेंडू तिने मांडला नव्हता. तो स्पासनी ऐन वेळी कोटाखालून काढला आणि टेबलाच्या पायाशी ठेवला. राली डुलत डुलत निघाली, कात्रीपाशी घुटमळली, मग चेंडूपाशी बसकण मारून तिने तो दोन्ही हातांनी कवटाळला आणि त्याला कपाळ टेकलं.

"डोकं लावलं!" स्पास ओरडले होते. "पाहिलंत? डोकं लावलं पोरीनं!"

अंगण हसण्याने भरून गेलं. वाटायचा पाव यासेनच्या हातात होता. त्याने तो इतका दाबला होता की नंतर त्याचे नीट तुकडेच पडेनात.

संध्याकाळी स्पासनी तो चेंडू जाळीत घातला आणि अंगणातल्या अक्रोडाला टांगला. तीच फांदी. यासेन लहान असताना याच फांदीला चेंडू लटकत असे. गिरणीतून पाळी संपवून आले की स्पास दोर वर वर घेत जात आणि पोरगा उडी मारून कपाळ लावत जाई. अंधार पडला तरी तो ठक्-ठक् आवाज शेजारीपाजारी ऐकू जायचा. फांदीवर दोराची खाच अजून होती, नवा दोर तिच्यात बरोबर बसला. या वेळी चेंडू जमिनीपासून एवढासाच वर, रालीच्या डोक्याच्या उंचीला. "हे डोकं मी घडवलंय," गान्चोच्या दुकानात यासेनचे केस कापले जात असताना स्पास येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मग गान्चो कंगव्याच्या पाठीने त्या डोक्यावर टकटक करून म्हणे, "पक्का माल आहे, काका."

पहिल्या अर्ध्यात आणखी एक उंच चेंडू आला. नेव्यानाचा हात पुन्हा वर गेला. यासेनने तोही परतवला. या वेळी तो पायावर उभा राहिला, पण रेफरीने शिट्टी मारली आणि खेळ दुसरीकडे वळला तरी तो चेंडू गेला होता त्या रिकाम्या आकाशाकडेच बघत होता.

आजचा दिवस गेला की संपलं, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. हा शेवटचा सामना. हरले नाहीत तर संघ दुसऱ्या विभागात टिकणार होता. हरले तर खाली जाणार, आणि खाली गेला तर पुढच्या वर्षी संघ उभा करायला गावात कुणी उरलं नव्हतं. गिरणी बंद पडली होती, दवाखान्याचा वरचा मजला बंद होता. उरलं होतं ते एवढंच, दर आठवड्याला इथे येऊन बसायचं आणि ओरडायचं. कपडे धुताना, रालीला भरवताना ती मनात तेवढंच म्हणत आली होती. मे संपू दे. एवढा मे संपू दे.

फेब्रुवारीत एका सकाळी यासेन बाबागाडी घेऊन पाव आणायला गेला होता. परत आला, पाव टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "अजून गरम आहे."

"राली कुठाय?"

तो पावाकडे बघत राहिला.

नेव्याना घरातल्या चपलांवरच धावत सुटली. भट्टीवालीने बाबागाडी आत ओढून भट्टीच्या उबेला लावली होती. राली झोपलेली होती, गाल लाल झाले होते. "बाप म्हणजे अगदीच बाप हो," भट्टीवाली हसून म्हणाली. नेव्यानाही हसली. हसतच घरी आली आणि न्हाणीघराला आतून कडी लावून बराच वेळ नळ सोडून बसली.

प्लोवदिव शहरातल्या डॉक्टरांनी यासेनच्या डोक्याचे फोटो उजेडाच्या काचेवर लावले आणि पेन्सिलीच्या टोकाने जागा दाखवल्या. गेलंय ते परत येणार नाही, म्हणाले. जे आहे ते किती दिवस राहील ते डोक्याला पुढे चेंडूचे मार किती बसतात त्यावर. आणि मग, ते फुटबॉलचे शौकीन असावेत, हळूच म्हणाले, "एकही नको, कॅप्टन. तुमच्यासाठी आता एकसुद्धा पुष्कळ झाला."

येताना गाडी नेव्याना चालवत होती.

"मे संपेपर्यंत," यासेन म्हणाला. "त्यांना मधेच कसं सोडू? आणि बाबांना सांगायचं नाही. नंतरही नाही."

"आज ना उद्या कळेलच ना त्यांना."

"म्हातारपणानं होतंय म्हणू. लवकर आलं म्हणू. काहीही म्हणू." बाहेर सूर्यफुलांची नांगरलेली काळी शेतं मागे पळत होती. "त्यांनी शिकवलंय मला, नेवी. त्या झाडाखालून जायचं कसं मग त्यांनी?"

ती हो म्हणाली नव्हती. तिने फक्त काच वर केली होती. पण त्यानंतर तिने कुणाला काही सांगितलं नाही, म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं.

मध्यंतराला एक गोल पुढे होते. गान्चोने खिशातून चपटी बाटली काढून स्पासपुढे धरली.

"घ्या काका, द्राक्षांची नाही, माझ्या मेहुण्याच्या जर्दाळूची दारू आहे. तुमच्या पोरानं आज तटबंदी बांधलीय नुसती."

"अजून अर्धा खेळ आहे," स्पास म्हणाले, पण घोट घेतला. मग रालीकडे वळून त्यांनी तिच्या मुठीतला बिस्किटाचा लगदा बोटाने काढून टाकला. "बघितलंस का गं, बाबा कसा उडतो? तुला पण शिकवणार आजोबा. डोळे मात्र उघडे हां."

राली त्यांचं बोट चावायला लागली. नेव्यानाने पिशवीत हात घालून टोपी शोधली, सापडली, आणि ती हातातच धरून बसली.

संघ परत आले. बाजू बदलून प्रत्येकजण आपापल्या जागी गेला. यासेन सगळ्यांच्या मागून बाहेर आला आणि पहिल्या अर्ध्यात ज्या गोलपुढे उभा होता त्याच गोलकडे चालत गेला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. तो गोलपुढे उभा राहिला, दोनदा टाळ्या वाजवल्या, डाव्या हाताने खूण केली, आत ये, जवळ ये, अशी. डाव्या हाताला कुणीच नव्हतं. मागे पाहुण्यांचा गोलकीपर दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याच्याकडे बघत होता. मग तो गोलकीपर हसला, आणि मग पाहुण्यांच्या बाकावरचे हसले, आणि मग सगळा स्टँड.

"आज कॅप्टन स्वतः गोल मारणार!" गान्चो उठून ओरडला. "मार रे, यासेन! अगदी तोंडाशी उभा आहेस!"

नेव्यानाने स्पासकडे बघितलं. स्पास हसत नव्हते. बीचा दाणा दातांत तसाच होता, फोडलेला नव्हता.

तोश्को, कित्येक वर्षं यासेनच्या शेजारी बचावाला उभा राहिलेला, सगळं मैदान ओलांडून धावत गेला. यासेनच्या कोपराला धरून काहीतरी बोलला. यासेनने मागे बघितलं, पुढे बघितलं. मग तोही हसला. तोश्को त्याला तसाच कोपराला धरून घेऊन आला, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून आणावं तसा. यासेन वाटभर हसतच होता, आणि ते हसू नेव्यानाला ओळखीचं होतं. भट्टीवालीसमोर ती स्वतः तेच हसली होती.

खेळ सुरू झाला. चेंडू बराच वेळ खालूनच फिरत राहिला. स्टँड पुन्हा बियांवर आणि गप्पांवर आला. सुटल्यासारखं नेव्यानाला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात यासेन वर बघायला लागला. खेळात खंड पडला की तो दोन बोटं कपाळाला लावून तिच्याकडे एकदा बघत असे. लग्नाच्याही आधीपासून. आज तो नुसताच बघत राहिला. तिने रालीचा हात धरून हलवला. पुन्हा हलवला. तो बघत होता, आणि त्याची बोटं खालीच होती.

मग पाहुण्यांना कॉर्नर मिळाला.

चेंडू उंच आला, वाऱ्यावर थोडा रेंगाळला, आणि बरोबर यासेनच्या डोक्याकडे उतरायला लागला. त्याला पाऊलही सरकवायची गरज नव्हती. नेव्यानाचा हात रालीच्या टाळूवर होता. सगळा स्टँड अर्धवट उठला होता, पुढच्या क्षणी टाळी वाजवायला हात तयार होते. यासेन उडाला नाही. तो वाकलाही नाही. चेंडूकडे बघत उभा राहिला, डोळे सताड उघडे. त्याच्या मागून पाहुण्यांचा एकजण उसळला आणि त्याच्या खांद्यावरून डोकं काढून त्याने चेंडू जाळ्यात घातला.

बरोबरी झाली. पाहुण्यांचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर चढत होते, तेवढाच आवाज.

यासेनने दंडावरचा कॅप्टनचा पट्टा काढला. तोश्कोकडे गेला, त्याचा हात पुढे घेतला आणि पट्टा त्याच्या बाहीवर चढवला; मागे वळलेली कड बोटाने सरळ केली. रोज रालीला कपडे घालताना करायचा तसं. मग तो मैदानाबाहेर चालू लागला. रेफरीला वाटलं त्याला लागलंय. तो मागे मागे आला, यासेनने मान हलवली. स्टँड बुटका होता आणि इतकी शांतता होती की कोचचं बोलणं वरपर्यंत येत होतं.

"कुठं लागलं?"

"कुठं नाही."

"मग चाललास कुठं?"

"बस झालं."

"बस झालं म्हणजे काय? अरे खेळ चालू आहे!"

"माझा संपला, कोच. कुणालातरी आत पाठवा."

कोचने त्याची जर्सी मागून पकडली. यासेन थांबला, त्याने दोन्ही हात वर करून जर्सी डोक्यावरून काढली आणि ती कोचच्या मुठीत तशीच सोडून पुढे गेला. उघड्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, डॉक्टरांनी दिलेली, सकाळी नेव्यानाने लावलेली औषधाची पट्टी होती. तो बोगद्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

मग वरच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सामना विकला!"

एवढीच काडी पुरली. आता सगळ्यांना सगळं समजलं. तो चुकीच्या गोलपुढे का उभा राहिला, उडाला का नाही, पट्टा काढून का दिला. प्रत्येकजण शेजाऱ्याला समजावून सांगायला लागला. या देशात माणूस सामन्याच्या मधे निघून जातो त्याचं एकच कारण असतं, आणि ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाय आपटून ताल धरला गेला. वि-का-ऊ! वि-का-ऊ! राली दचकली, मग तिला ताल आवडला आणि ती मांडीवर उड्या मारायला लागली.

"तिकडं उभं राहून त्यांनाच खूण करत होता की काय!" गान्चोचा आवाज पार बदलला होता. तो पुढे वाकला. "स्पासकाका, निदान आम्हाला तरी सांगायचंत. आम्हीपण दोन पैसे लावले असते."

स्पास उठले. मांडीवरची बियांची पुडी खाली सांडली.

"बाबा," नेव्याना म्हणाली. "तसं नाहीये."

"मग कसं आहे?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण, जे तो फक्त सामन्याला लावायचा, गळ्याला काचत होतं.

"सांग. तसं नाही तर कसं?"

तिने तोंड उघडलं. अक्रोडाची खाच तिला दिसली, जाळीतला चेंडू, त्याला टेकलेलं रालीचं कपाळ.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

स्पास बाकांमधून वाट काढत खाली उतरले. लोकांनी पाय आवरून घेतले, पण त्यांना वाट द्यायला नव्हे, त्यांचा स्पर्श होऊ नये म्हणून. नेव्याना रालीला कडेवर घेऊन मागे निघाली. कुणीतरी तिच्या पायाशी टरफलं थुंकली.

स्टँडच्या मागे, लोखंडी फाटकापाशी यासेन उभा होता. अंगात संघाचं जाकीट, पायात न्हाणीघरातल्या रबरी सपाता. बूट आतच राहिले होते. गाड्यांच्या रांगेकडे तो एकेक करून बघत होता.

स्पास त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. उंचीने ते मुलाच्या छातीला लागत.

"पैसे घेतलेस?"

आत पाय आपटण्याचा आवाज चालूच होता. यासेनने बापाच्या डोक्यावरून नेव्यानाकडे बघितलं. तिने मान हलवली, नको, नको म्हणून. तो तिला चांगलं ओळखत होता आता; इतकं स्वच्छ त्याने आठवड्याभरात तिच्याकडे बघितलं नव्हतं.

"घेतले, बाबा," तो म्हणाला.

स्पासचा हात वर गेला. हात मोठा होता, गिरणीतला. यासेनने मान थोडी खाली केली, लहानपणी करत असेल तशी. हात गालाजवळ आला आणि हवेतच राहिला. म्हातारा मुलाच्या डोळ्यांत बघत होता, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. हात तसाच खाली आला आणि कोटाच्या खिशात गेला.

आतून आवाज आला. गोल केल्याचा नव्हे, गोल खाल्ल्याचा. सगळ्या गावाने एकदम श्वास सोडल्यासारखा.

स्पासनी तो ऐकला. मग ते वळले आणि पोप्लरच्या रांगेखालून घराच्या दिशेने पायी चालू लागले.

"आपली गाडी कुठली?" यासेनने विचारलं.

नेव्यानाने त्याला गाडीपर्यंत नेलं. तो पुढे बसला नाही. मागे, रालीच्या खुर्चीशेजारी अंग दुमडून बसला. नेव्याना चावी हातात धरून पुढच्या सीटवर बसली.

"त्यांना तसं का सांगितलंस?"

"रागावर जगतील ते. दुसरं कळलं तर कशावर जगतील?"

"आणि तुझं काय? उद्या पाव आणायला जाशील तर..."

"पाव तूच आणतेस आता," तो म्हणाला. त्याला हसू आलं आणि तिलाही येऊ पाहत होतं, पण मधेच दुसरंच काहीतरी झालं आणि तिने तोंड काचेकडे वळवलं.

राली त्याच्या जाकिटाची चेन वर-खाली करत होती.

"मी उभा होतो ना तिथं," मागून त्याचा आवाज आला, "मला वाटलं, बाकीचे सगळे चुकीच्या बाजूला उभे आहेत. मला त्यांचा राग आला. एवढी वर्षं खेळतात आणि बाजू कळत नाही."

"तोश्को बोलला ना तुझ्याशी."

"हो. तो चांगला आहे." थोडं थांबून तो म्हणाला, "मग मी वर बघितलं. एक बाई तिच्या मुलीचा हात हलवत होती. मला छान वाटलं बघून. मनात आलं, हिचा नवरा इथंच असेल कुठंतरी, तो का हात करत नाही हिला."

आत, भिंतीपलीकडे, चेंडू उंच उडाला असावा. स्टँडमधून तो लांबलेला हुंकार उठला, चेंडू हवेत असेपर्यंतच टिकणारा. नेव्यानाचा हात आपोआप मागे गेला. राली डावीकडे होती. पण आईचा हात उजवीकडे गेला आणि यासेनच्या घामेजल्या केसांवर पडला, आणि हुंकार विरून गेल्यावरही तिथेच राहिला.

सामना संपून लोक बाहेर यायच्या आत तिने गाडी काढली. गावातून न जाता ती नदीच्या कडेच्या लांबच्या रस्त्याने गेली. राली झोपली. पुलाजवळ यासेनने विचारलं, "जिंकलो का?" आणि लगेच म्हणाला, "नाही, नाही. आठवलं."

घराच्या फाटकापाशी पोचले तेव्हा ऊन अंगणातून निघून छपरावर गेलं होतं. करवतीचा आवाज येत होता.

अक्रोडाला शिडी लावली होती. स्पास तिच्यावर चढले होते, सामन्याला घातलेल्या त्याच कोटात, वरचं बटण तसंच लावलेलं. खाली गवतात जाळीसकट चेंडू पडला होता, दोराची वेटोळी त्याच्या शेजारी. पण ते दोरापाशी थांबले नव्हते. ते फांदीच कापत होते, खाचेच्या बरंच आत, खोडाजवळ. ओल्या लाकडाचा भुसा त्यांच्या खांद्यांवर आणि टोपीवर पडत होता. करवत जुनी होती. दोनदा ओढली की एकदा अडकत होती.

नेव्याना झोपलेल्या रालीला खांद्यावर घेऊन फाटकात थांबली. यासेन सपाता फरफटत पुढे गेला आणि झाडाखाली उभा राहिला.

"बाबा, उतरा खाली. मी कापतो."

करवत थांबली. स्पासनी मागे वळून बघितलं नाही. त्यांची पाठ तेवढी दिसत होती, आणि शिडीला घट्ट धरलेला डावा हात.

"तिथं उभा राहू नकोस," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण रागाचा नव्हता. टोपी घाल म्हणतानाचा होता. "बाजूला हो, यासेन. डोकं सांभाळ."

यासेन तसाच उभा राहिला. मग त्याने वाकून चेंडू उचलला, तो कुठे ठेवायचा ते न सुचून पोटाशी धरला आणि दोन पावलं मागे सरकला. म्हाताऱ्याने खांद्यावरून, अर्धवटच, तो पुरेसा लांब गेला का ते बघून घेतलं. मग करवत पुन्हा ओढायला घेतली.